चाळीस हजार सालचं उत्खनन

सोन्याच्या सिंहासनावर एक प्रेत बसलं आहे. बसून दहा हजार वर्षं झाली. ते पुरतं मरू नये म्हणून सिंहासनाखालच्या यंत्राला रोज हजार माणसांचे प्राण पुरवले जातात. दहा लाख ग्रहांवर त्याच्या नावाने प्रार्थना होतात, त्याच्या नावाने कर वसूल होतो, त्याच्या नावाने माणसं जाळली जातात. गंमत अशी की जिवंत होता तेव्हा या माणसाने जगाला एकच गोष्ट बजावून सांगितली होती : देवबीव काही नसतं, आणि मी तर नाहीच नाही.

काळ आहे इसवी सनाचं एकेचाळिसावं सहस्रक, आणि खेळाचं नाव ‘वॉरहॅमर ४०,०००’.

हा सम्राट माझ्या वाचनात आला तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते पेरूमधलं कुझ्को. इंका राजे मेल्यावर निवृत्त होत नसत. मृत राजाचा देह वाळवून, कपडे घालून बसवला जाई. त्याचा वाडा, जमिनी, नोकरचाकर सगळं त्याच्याच नावावर राही आणि त्याच्या वंशजांचं कुळ त्या मालमत्तेचा कारभार बघे. सणाच्या दिवशी हे सगळे मेलेले राजे चौकात ओळीने बसत, त्यांना मक्याची दारू पाजली जाई, मोठ्या प्रश्नांवर त्यांचा कौल घेतला जाई. नव्या राजाला बापाचं पद मिळे, बापाची इस्टेट मात्र मिळत नसे; ती बाप अजून ‘वापरत’ असे. स्पॅनिश आले तेव्हा त्यांना जिवंत इंकांइतकाच या मेलेल्यांचा बंदोबस्त करावा लागला. पोलो दे ओन्देगार्दो या अधिकाऱ्याने १५५९ साली यातले बरेच देह शोधून काढले, तेव्हा कुठे हा दरबार मोडला. थोडक्यात, प्रेताने साम्राज्य चालवणं ही भन्नाट कल्पना वाटते, पण माणसांनी ती अमलात आणून पाहिलेली आहे.

वॉरहॅमर ४०,००० हा टेबलावर खेळायचा युद्धखेळ. इंच-सव्वा इंच उंचीचे सैनिक सुटे भाग जोडून तयार करायचे, बारीक ब्रशने रंगवायचे, टेबलावर मांडायचे. मग टेपने अंतर मोजत पुढे सरकायचं आणि फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं. या खेळाची वंशावळ काढली तर ती आपल्या दारापर्यंत येते. पायदळ, घोडदळ, हत्ती आणि रथ अशा चार अंगांच्या आपल्या चतुरंगातून बुद्धिबळ झालं. ब्रुन्सविकच्या हेलविग नावाच्या गणिताच्या अध्यापकाने १७८० साली बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर खराखुरा भूप्रदेश आणला. प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ बापलेकांनी त्यातून अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचं साधन घडवलं. आणि १९१३ साली एच. जी. वेल्सने ‘लिट्ल वॉर्स’ लिहून हा खेळ दिवाणखान्याच्या जमिनीवर आणला. तिथून १९८७ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीत रिक प्रीस्टली याने वॉरहॅमर ४०,०००चं पहिलं पुस्तक लिहिलं. आज ही कंपनी लंडन शेअर बाजारातल्या शंभर सर्वांत मोठ्या कंपन्यांत गणली जाते, तीही प्लॅस्टिकचे सैनिक विकून.

प्रीस्टलीचं शिक्षण पुरातत्त्वशास्त्राचं. माझ्या मते या विश्वाची किल्ली इथे आहे. विज्ञानकथा लिहिणारा सहसा पुढे काय नवं होईल याचा विचार करतो. पुरातत्त्वाचा माणूस विचार करतो की यातलं शिल्लक काय राहील. आणि शिल्लक राहतात ती खापरं. नाव राहतं, अर्थ जातो. विधी राहतो, कारण जातं. चाळीस हजार सालची माणसं आपल्याच संस्कृतीच्या ढिगाऱ्यावर राहतात आणि हाताला लागेल तो तुकडा देव्हाऱ्यात ठेवतात. त्यामुळे त्या भविष्यात रोमन गरुड आहे, तोही बायझंटाइनांसारखा दोन डोक्यांचा. मोडकीतोडकी लॅटिन आहे. इन्क्विझिशन आहे, आणि तिच्या एका शाखेचं ‘ऑर्डो मॅलियस’ हे नाव पंधराव्या शतकाच्या अखेरीस हाइनरिख क्रामरने चेटकिणी ओळखायला लिहिलेल्या ‘मॅलियस मॅलेफिकारम’ या पुस्तकाची आठवण करून देतं. आजच्या विज्ञानकथेचंही भरपूर काही उचललेलं आहे : फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’, १९७७ पासून निघणारं ‘२००० एडी’ हे ब्रिटिश कॉमिक, मायकेल मूरकॉकच्या कथांमधलं आठ बाणांचं चक्र. उसनवारी लपवायचा प्रयत्नही कुणी केलेला नाही.

मंगळावरच्या यंत्रपुरोहितांचं बघा. अडेप्टस मेकॅनिकस हा त्यांचा पंथ. या लोकांकडे तारायानं आहेत, रणगाडे आहेत, अणुभट्ट्या आहेत. त्या का चालतात हे मात्र जवळजवळ कुणालाच माहीत नाही. मग बंदूक साफ करायची ती मंत्र म्हणत, इंजिन सुरू करण्याआधी धूप जाळायचा, पवित्र तेलाचा अभिषेक करायचा. नवा शोध लावणं हे पाप. पुण्य कशात, तर जुना आराखडा कुठल्या मेलेल्या ग्रहावर सापडला तर तो जसाच्या तसा उतरवून घेण्यात. इंग्रज वाचकाला यात मध्ययुगातले मठ दिसतात, ज्यांतल्या भिक्षूंनी स्वतःला न कळणारे ग्रंथही इमानाने नकलून ठेवले. वॉल्टर मिलरने १९५९च्या ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ या कादंबरीत नेमकी हीच गोष्ट अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेत घडवली होती. पण खंडेनवमीला लेथ मशीनला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घालणाऱ्या आपल्या कारखानदाराला हे सगळं अजिबात परग्रहावरचं वाटणार नाही. तो फक्त विचारेल, की दुसऱ्या दिवशी मशीनचं मॅन्युअल वाचायला यांना कुणी मनाई केली?

आता त्या सिंहासनाकडे परत जाऊ, कारण सम्राट तिथे पोचला कसा, ही या विश्वातली मूळ कथा आहे. सम्राटाने स्वतःच्या बीजापासून प्रयोगशाळेत वीस पुत्र घडवले. त्यातल्या दोघांची नावंच इतिहासातून पुसली आहेत. उरलेल्या अठरांपैकी नऊ बापाशी एकनिष्ठ राहिले आणि नऊ उलटले. उलटलेल्यांचा म्होरक्या होरस, सर्वांत लाडका, सेनापती. शेवटी होरस मेला आणि बाप मरणाच्या दारात पोचून सिंहासनावर जखडला गेला. अशी ही आकाशगंगेएवढी भाऊबंदकी. सर्वांत तेजस्वी देवदूतच बंड करतो हा सांगाडा मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’चा आहे, आणि प्रीस्टलीने ते ऋण मान्यही केलं आहे. नाव मात्र इजिप्तचं, आणि ते उलटं करून वापरलेलं. इजिप्तचा होरस हा आदर्श पुत्र. बाप ओसायरिसच्या खुनाचा सूड घेण्यासाठी तो काका सेथशी लढतो आणि त्या लढाईत डोळा गमावतो. बरा झालेला तो डोळा ताईत म्हणून हजारो वर्षं लोकांच्या गळ्यात राहिला. इथे तोच डोळा पितृघातकी सैन्याच्या छातीवर आहे.

या बंडाच्या जन्माची कथा मला मिल्टनपेक्षाही आवडते. १९८८ साली गेम्स वर्कशॉपला ‘अडेप्टस टायटॅनिकस’ नावाचा खेळ काढायचा होता, इमारतीएवढ्या चालत्या यंत्रदैत्यांच्या लढाईचा. प्लॅस्टिकच्या खेळण्याचा पोलादी साचा बनवणं फार महाग पडतं. साचा एकच होता. म्हणजे खोक्यात दोन्ही बाजूंना सारखेच दैत्य येणार. मग एकाच सैन्याने एकमेकांशी लढायला काहीतरी कारण हवं. तर यादवी घाला! होरसचं बंड अशा रीतीने साच्याच्या काटकसरीतून निघालं, आणि पुढे त्यावर पन्नासहून अधिक कादंबऱ्या आल्या. पुराणकथा कशा जन्मतात यावर पंडितांनी बरंच लिहिलं आहे. त्यांत कारखान्याच्या हिशेबाचं प्रकरण बहुधा नसावं.

भावांमधल्या एका जोडीपाशी मात्र थांबलंच पाहिजे. मॅग्नस हा लाल कातडीचा महाकाय जादूगार. गुप्त ज्ञानाच्या सौद्यात त्याने एक डोळा दिलेला आहे. उत्तरेकडच्या नॉर्स पुराणात मिमिरच्या विहिरीचं पाणी पिऊन शहाणपण मिळावं म्हणून ओडिनने नेमकं हेच केलं. दुसरा भाऊ लेमन रस, फेनरिस नावाच्या हिमग्रहाचा लांडगा-राजा. त्याच्यासोबत सतत दोन लांडगे असतात, फ्रेकी आणि गेरी. ही ओडिनच्याच पायाशी बसणाऱ्या लांडग्यांची नावं. म्हणजे लेखकांनी एका ओडिनचे दोन तुकडे केले, ज्ञान एकाला दिलं, लांडगे दुसऱ्याला दिले, आणि दोघांना झुंजायला लावलं. शेवट काय होतो? फेनरिसचे लांडगे मॅग्नसचा ग्रह जाळतात आणि रस त्याला गुडघ्यावर आपटून मोडतो. मूळ पुराणात जगबुडीच्या दिवशी ओडिनला गिळतो तो फेनरिर नावाचा लांडगाच. हे कुणी ठरवून केलं की लिहिता लिहिता होत गेलं, याने काही बिघडत नाही. पुराणाची नावं घेतली की त्यांच्यामागे त्यांची नियतीही चालत येते.

जळालेल्या त्या ग्रहाचं नाव प्रॉस्पेरो, शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मधला ग्रंथप्रेमी मांत्रिक. मॅग्नसच्या पट्टशिष्याचं नाव अहरिमन. हे नाव मुंबईच्या माणसाला समजावून सांगायला नको. अग्यारीत ज्या धर्माचा अग्नी जपला जातो त्या जरथुष्ट्री परंपरेत अहरिमन म्हणजे अहुरमझ्दाच्या विरुद्ध उभी असलेली विनाशक शक्ती. खेळातला अहरिमन दुष्टाव्यापेक्षा अतिशहाणपणाने बुडालेला आहे. भावंडांच्या देहात येत चाललेल्या विकृती थांबवण्यासाठी त्याने महामंत्र टाकला, आणि विकृती थांबल्या खऱ्या : बहुतेकांच्या चिलखताच्या आत फक्त धूळ उरली. रिकामी चिलखतं अजून चालतात.

इंग्रजी साहित्य शिकलेल्यांसाठी पेरलेल्या खोड्याही बऱ्याच आहेत. दहशतीने ग्रह ताब्यात ठेवणाऱ्या एका पुत्राचं नाव कॉनराड कर्झ आणि त्याच्या काळोख्या जन्मग्रहाचं नाव नॉस्ट्रामो. जोसेफ कॉनरॅड, त्याच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’मधला काँगोच्या जंगलात देव होऊन बसलेला कर्ट्झ, आणि ‘नॉस्ट्रोमो’ ही कादंबरी. लेखक, पात्र आणि पुस्तक एकाच ठिकाणी कोंबलंय. याहून सुरेख खोडी डार्क एंजल्स या पलटणीची. त्यांच्या जनकाचं नाव लायन एल’जॉन्सन, आणि लायनेल जॉन्सन हा १९०२ साली पस्तिशीत वारलेला, दारूने आणि स्वतःच्या मनातल्या पापभावनेने पोखरलेला इंग्रज कवी. आतून छळणाऱ्या एका गुप्त वासनेवर त्याने लिहिलेल्या कवितेचं नाव ‘द डार्क एंजल’. खेळातल्या डार्क एंजल्सचंही असंच एक गुपित आहे : त्यांच्यातले अनेक भाऊ कधीकाळी फितूर झाले आणि ही लाज ते दहा हजार वर्षं जगापासून लपवत आले आहेत. सैनिक खरेदी करायला येणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला हे कळावं अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी ते लिहिलं होतं.

परग्रहवासीयांकडे आलं की उसनवारी जास्त सरळ होते. एल्डार हे तर टॉल्किनचेच एल्फ, अंतराळात पाठवलेले. मात्र त्यांच्या विश्वनौकांची बिएल-टान आणि साइम-हान ही नावं बेल्टेन आणि सावेन या केल्टिक सणांवरून आली आहेत. नेक्रॉन म्हणजे धातूच्या देहात घुसलेलं प्राचीन इजिप्त. त्यांच्यात घराणी आहेत, थडगी आहेत, शेणकिड्यांच्या आकाराची यंत्रं आहेत, आणि एका राजाचं इमोटेख हे नाव पायऱ्यांचा पिरॅमिड बांधणाऱ्या इम्होटेपच्या सावलीत उभं आहे. ऑर्क म्हणजे फुटबॉलच्या सामन्याला दंगा करायला जाणारी ऐंशीच्या दशकातली इंग्रज पोरं, फक्त हिरवी.

नर्गल मात्र वेगळाच. रोगराईचा देव, आतडी बाहेर आलेला, माश्यांनी घोंगावणारा, आणि अतिशय प्रेमळ. बॅबिलोनजवळच्या कूथा शहरात नेर्गल नावाच्या देवाचं मोठं देऊळ होतं. पाताळ, युद्ध आणि साथी ही त्याची खाती. नाव त्याचंच दिसतं. रूप मात्र युरोपातल्या त्या महामारीचं, जिने १३४७ पासूनच्या चार-पाच वर्षांत खंडातली तिसरा हिस्सा माणसं तरी नेली आणि जिच्यानंतर चर्चच्या भिंतींवर राजे, भिकारी, पाद्री सगळ्यांचा हात धरून नाचणारे सांगाडे रंगवले गेले. नर्गलचे भक्त त्याला आजोबा म्हणतात. फोड, पू, ताप ही आजोबांनी नातवंडांना दिलेली खाऊची पुडी. ब्रिटिश वाचकाला हा विनोद काळाकुट्ट वाटतो. आपल्याला त्यात ओळखीचं काही दिसतं. आपल्याकडे माणसाला देवी ‘आल्या’, कॉलऱ्याच्या साथीत मरीआईचा गाडा शिवेपार नेला. साथीला घरचं माणूस केलं की निदान तिच्याशी बोलता येतं, तिला नैवेद्य दाखवता येतो, पुढच्या गावाला जा म्हणून विनवता येतं. नर्गलच्या गोष्टीत एवढंच वेगळं, की तिथे आजोबा मुक्काम हलवत नाहीत.

सामान्य सैनिकांच्या पलटणींबद्दल फार लिहायला नको, कारण त्या सरळ इतिहासाच्या पुस्तकातून चालत आल्या आहेत. क्रीगची पलटण गॅसमास्क लावून पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतून येते. वालहालाच्या पलटणीच्या अंगावर सोव्हिएत सैन्याचे ओव्हरकोट आहेत; पाठीमागे पिस्तूल घेऊन उभा असलेला, माघार घेणाऱ्याला गोळी घालणारा कमिसार पाहिला की स्टालिनचा जुलै १९४२चा ‘एक पाऊलही मागे नाही’ हा हुकूम आठवतो. टॅलार्नचे वाळवंटी हल्लेखोर म्हणजे लॉरेन्स ऑफ अरेबियाचे सोबती.

मला जास्त गुंतवून ठेवतो तो ‘रोग ट्रेडर’, म्हणजे मोकाट व्यापारी; १९८७च्या पहिल्या पुस्तकाचं उपशीर्षकच हे होतं. साम्राज्याची सनद घेतलेला माणूस. स्वतःची जहाजं, स्वतःची फौज. साम्राज्याच्या हद्दीपलीकडे जायचं, व्यापार करायचा, वाटल्यास तह करायचा, वाटल्यास ग्रह जिंकायचा. कायदा हद्दीच्या आत राहतो. इंग्रजांना हे पात्र रंगेल साहसवीर वाटतं. आपल्याकडे ३१ डिसेंबर १६०० या दिवशी राणी एलिझाबेथने दिलेली सनद, १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला मिळालेलं मुंबई बेट आणि १८१७ साली शनिवारवाड्यावर चढलेला झेंडा हे सगळं शाळेच्या पुस्तकातच भेटतं, त्यामुळे या साहसवीराच्या गोष्टीत आपण ग्रहावरच्या रहिवाशांच्या बाजूने वाचू लागतो. आणि गंमत म्हणजे या विश्वाचे चांगले लेखकही तसंच वाचायला लावतात. होरसच्या बंडावरची पहिली कादंबरी, डॅन ॲबनेटची २००६ सालची ‘होरस रायझिंग’, सुरू होते ती अशा एका दूरच्या जगावर, जिथले लोक आपल्या ग्रहालाच पृथ्वी आणि आपल्या राजालाच मानवजातीचा सम्राट समजतात. मग आकाशातून खरी पृथ्वी येते, वाटाघाटी फिसकटतात, आणि महाल उद्ध्वस्त होतो. विजेत्यांच्या कागदपत्रांत त्या जगाला उरतो तो फक्त एक क्रमांक.

हा उपरोध सगळ्यांपर्यंत पोचला असं नाही. स्पेस मरीन हे राक्षसी चिलखतातले धर्मवेडे मुळात नायक म्हणून लिहिलेच नव्हते, पण खोक्यांवर त्यांचंच चित्र सर्वांत देखणं, आणि विक्रीही त्यांचीच सर्वांत जास्त. प्रीस्टलीला या प्रकाराची मौज वाटत आली आहे. २०२१ साली मात्र कंपनीला जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं की हे साम्राज्य आदर्श नाही, ही क्रूर राजवटीची थट्टा आहे, आणि ज्यांना ते खरंच हवंहवंसं वाटतं त्यांनी आमच्याकडे येऊ नये. थट्टा इतकी बारकाईने रंगवली की ती पूजेला लागते, हे त्या यंत्रपुरोहितांच्या निर्मात्यांना तरी ठाऊक असायला हवं होतं.

या खेळात प्रेटोरियन नावाचीही एक पलटण आहे : लाल कोट, पांढरी शिरस्त्राणं, रांगेत उभं राहून गोळीबार. १८७९च्या झुलू युद्धातले ब्रिटिश सैनिक, १९६४च्या ‘झुलू’ चित्रपटामार्गे चाळीस हजार सालात आलेले. त्यांच्यासमोर मांडायला ऑर्क आहेत, पण माझ्या डोक्यात एक दुसरंच टेबल आहे. अटिलाच्या नावाने चालणाऱ्या एका पलटणीत एकेचाळिसाव्या सहस्रकातही घोडेस्वार भाले घेऊन धावतात, म्हणजे घोड्यांची अडचण नाही. तेव्हा कुणीतरी भोकरदनजवळच्या असईचं मैदान मांडावं, २३ सप्टेंबर १८०३चं. तिथे दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींनी आणि तोफखान्याने इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्यातला जवळपास दर तिसरा माणूस लोळवला होता. मध्ये केळणा नदी निळ्या रंगात, पलीकडे शिंद्यांचा सेनानी पोलमन याच्या पलटणी, मागे बारगीर. लाल कोटवाल्यांच्या बाजूने कुणीही खेळा. फासे टाकायची पहिली पाळी तोफखान्याची.